सव्वीस जणांचा एकच छंद

“सव्वीसच्या सव्वीस?” ओतारी साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघत विचारलं.

टेबलावर चौथीच्या निबंधाच्या वह्यांचा गठ्ठा होता. साहेबांनी वरची वही उघडली, मग मधली उघडली, मग अगदी तळातली ओढून काढली. तिन्हींत पहिली दोन वाक्यं तीच. ‘प्रत्येक माणसाला एखादा तरी छंद असावा. माझा छंद टपाल तिकिटे गोळा करणे हा आहे.’ अक्षर तेवढं वेगळं, आणि एकानं ‘टपाल’च्या जागी ‘कपाळ’ लिहिलेलं.

“होय साहेब,” मी म्हणालो. “मुलांना आवड आहे.”

खरं म्हणजे निबंध मी फळ्यावर लिहून दिला होता आणि मुलांनी तो उतरवून घेतला होता. यात काही चुकतंय असं मला जराही वाटलं नव्हतं. निबंध हा फळ्यावरून उतरवून घ्यायचाच प्रकार आहे, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. ‘माझी गाय’ लिहिताना कुणाच्या गोठ्यात गाय आहे आणि कुणाच्या नाही हे कोण बघायला जातं?

या गोष्टीला आता वीस-बावीस वर्षं झाली. माण तालुक्यातल्या एका वस्तीवर जिल्हा परिषदेच्या शाळेत मी शिक्षणसेवक होतो. शिक्षणसेवक म्हणजे शिकवायचं पुरतं, पण गुरुजी अर्धाच. तीन वर्षं समाधानकारक गेली तर नोकरी कायम. माझी तीन वर्षं जूनमध्ये भरत होती, आणि समाधान व्हायला हवं होतं ते ओतारी साहेबांचं. ते विस्तार अधिकारी, म्हणजे तालुक्यातल्या शाळा तपासणारे. त्यांचा शेरा चांगला पडला तर मी कायम, नाहीतर परत वडिलांच्या पिठाच्या गिरणीत. पीठ नाकात गेलं की मला एका दमात दहा-बारा शिंका यायच्या, त्यामुळे मी शिक्षणाकडे वळलो होतो. बाकी ध्येय वगैरे काही नव्हतं.

“वा. छान,” साहेब म्हणाले. त्यांचं ‘वा’ आणि ‘छान’ यांच्यामध्ये बरंच अंतर असायचं. “आणि गुरुजी, तुमचा स्वतःचा छंद?”

“तोच, साहेब.”

“किती आहेत तिकिटं?”

“हजारभर असतील.”

शेजारी बसलेले देशमाने गुरुजी खोकले. ते आमचे मुख्याध्यापक. शाळेत शिक्षक असे आम्ही दोघंच. खोटं कानावर पडलं की त्यांना खोकला यायचा. ते स्वतः बोलले तरी यायचा.

साहेब शेरेबुकात काही लिहितील म्हणून मी पेन पुढे केलं, पण त्यांनी ते बाजूला सारलं.

“मलाही लहानपणापासून तोच छंद,” ते म्हणाले. “येत्या सोमवारी पुन्हा येतो. मुलांचे संग्रह बघायचेत. तुमचाही. शेरा तेव्हाच लिहू.”

त्यांची मोटारसायकल टेकाडामागे गेली तशी देशमाने गुरुजींनी कपाटातून शिक्षक सोसायटीची जुनी स्मरणिका काढून माझ्यापुढे आपटली. एका पानावर अकरा जणांचे फोटो आणि परिचय होते. अकराच्या अकरा जणांचा स्वभाव मनमिळाऊ होता. ओतारी साहेबांच्या फोटोखाली लिहिलं होतं, छंद : टपाल तिकिटांचा संग्रह. त्याच पानावर देशमाने गुरुजीही होते. त्यांचा छंद वाचन. हजेरीपटाशिवाय काही वाचताना मी त्यांना पाहिलं नव्हतं.

“पुस्तकात छापून आलाय ह्या माणसाचा छंद,” ते म्हणाले. “घरी कपाटं भरली असतील. भिंग लावून बघतात हे लोक, खरमाटे. हजार म्हणालात. हजार.”

मी वह्या आवरायला घेतल्या. सव्वीस हा आकडाही तसा पुरता खरा नव्हता. पंचवीस मुलांनी फळ्यावरचं मुकाट्यानं उतरवलं होतं, पण मनीषा मदने नावाच्या मुलीनं आधी स्वतःच्या मनानं निबंध लिहून आणला होता. मनीषा वर्गात कधी तोंड उघडायची नाही. डोळे मात्र सारखे बोलणाऱ्याच्या तोंडाकडे. तिचा निबंध असा होता :

‘माझा छंद भांडण ऐकणे. पाण्याचा टँकर आला की चांगली भांडणे असतात. उन्हाळ्यात जास्त. शेवंताकाकूचे भांडण सोपे असते कारण ती एकच गोष्ट तीनदा बोलते. जनाआत्या हळू बोलते, तिचे भांडण दुसऱ्या दिवशी समजते. मी घरी जाऊन आईला दोघींचे करून दाखवते. आई हसते. मग मला मारते.’

यावर मी लाल शाईची तिरपी रेघ मारून खाली लिहिलं होतं : ‘भांडण हा छंद नव्हे. पुन्हा लिही.’ तिनं निमूटपणे तिकिटांचा निबंध उतरवून आणला, आणि मी त्याला दहापैकी सात गुण दिले. रेघ मारताना मला फार शिस्तशीर वाटलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून तिकिटांची मोहीम सुरू झाली. मी मुलांना घरोघर पिटाळलं. तासाभरात पोरं हात हलवत परत आली. वस्तीवरची निम्मी घरं फौजेतली. फौजेतून यायची ती आंतर्देशीय पत्रं, त्यांच्यावर तिकीट चिकटवायची भानगडच नाही. बाकीच्या घरांतली कर्ती पोरं गलाईच्या, म्हणजे सोनंचांदी गाळायच्या, धंद्यासाठी पार लांबच्या शहरांत. ती शेजारच्या गावातल्या बूथवर फोन करायची. थोडक्यात, आमच्या वस्तीला वर्षानुवर्षं कुणी तिकीट लावून पत्रच लिहिलेलं नव्हतं.

मग आम्ही दिनकरअण्णांकडे गेलो. अण्णांच्या घराच्या पडवीतच पोस्ट होतं. एका बाजूला टेबल, वजनकाटा, शिक्का आणि दुसऱ्या बाजूला बांधलेली शेळी.

“तिकिटं हायेत की,” अण्णा म्हणाले. “तीन जातीची हायेत. किती देऊ?”

“तीनच जातीची?”

“गुरुजी, माणूस पत्र धाडतो तवा तिकिटाचं त्वांड बघून धाडत न्हाई.”

खडू-झाडूसाठी असलेल्या सादिल खर्चातून आम्ही तिन्ही जातींची सव्वीस-सव्वीस तिकिटं घेतली. तेवढ्यात देशमाने गुरुजींच्या लक्षात आलं की ही तिकिटं कोरी आहेत. संग्रहातल्या तिकिटावर शिक्का हवा. त्यांनी अण्णांना जवळ ओढून हळू आवाजात गळ घातली.

अण्णांनी शिक्का उचलून सरळ धोतराच्या ओच्यात घेतला. “त्येवढं सांगू नगा. ह्यो सरकारी शिक्का हाय. आन् समद्यांवर आजचीच तारीख, ह्याच गावाची? तुमचा सायेब येडा हाय का?”

हे बरोबर होतं. म्हणून आम्ही दुसरा सरकारी शिक्का वापरला. शाळेचा. गोल होता, जांभळी शाई होती, आणखी काय पाहिजे? देशमाने गुरुजींनी शनिवारी शाळा सुटल्यावर अठ्ठ्याहत्तर तिकिटांच्या कोपऱ्यावर शिक्क्याची फक्त कड टेकवली, म्हणजे नाव उमटायला नको. त्या दुपारी ऑफिसात आमच्या दोघांत थोडी बोलाचालीही झाली. काय झाली ते आत्ता सांगत नाही, कारण ती पुढे माझ्यापेक्षा चांगली कुणीतरी सांगणार आहे.

तीन तिकिटांनी वहीचं पान भरेना, म्हणून मुलांनी आपापल्या परीनं भर घातली. काडेपेटीवरची जहाजं आली, वाघ आले, जुन्या पावत्यांवरून उचकटलेली रेव्हेन्यू तिकिटं आली. शिंप्याच्या पोरानं दातेरी कात्री आणली आणि लग्नपत्रिकेवरचे गणपती कापून दिले. कडेला दाते पडल्यामुळे ते पोस्टात छापल्यासारखे दिसायला लागले. माझ्या हजारांचं काय, यावर देशमाने गुरुजींनीच तोड काढली. माझा संग्रह गावी आहे आणि गिरणीतल्या उंदरांनी तो कुरतडला, असं सांगायचं ठरलं. मी त्या रविवारी जेवलो नाही. खरंच घाबरलो होतो मी.

सोमवारी साहेब अकराला आले. नारळ घेतला, चहा नको म्हणाले, आणि सरळ चौथीत शिरून मुलांच्या शेजारी सतरंजीवर बसले. एवढा मोठा माणूस मांडी घालून खाली बसल्यावर पोरं बावचळली. साहेब एकेक वही घेऊन पान न् पान बघायला लागले. भिंग नव्हतं, पण बोट फिरवून बघत होते. काडेपेटीवरच्या जहाजापाशी ते थांबले.

“हे परदेशी वाटतं,” ते म्हणाले.

“दुकानातलं हाय,” पोरगा म्हणाला.

“हो, दुकानातही मिळतात चांगली.” साहेबांनी मान डोलावली. मग शाळेच्या शिक्क्याची जांभळी कड दिसली. ती त्यांनी उजेडात धरली. “हा शिक्का मी कुठे पाहिला नाही. जुना दिसतो.”

मला वाटलं, हा माणूस आपल्याला खेळवतोय. सगळं ओळखलंय आणि हळूहळू सोलतोय. देशमाने गुरुजी दारात उभे होते. त्यांचा खोकला आतल्या आत दाबल्यामुळे खांदे हलत होते.

शेवटची वही मनीषाची होती. तीत तीनच तिकिटं होती. तिनं वाघ, गणपती काही लावलं नव्हतं.

“बाळ, तुझी तीनच?” साहेबांनी विचारलं. “यातलं कुठलं जास्त आवडतं?”

मनीषा तिन्ही तिकिटं एकेक करून बघायला लागली.

“सांग की. रागावणार नाही मी.”

“एक बी न्हाई,” मनीषा म्हणाली.

“मग तुझा छंद हा नाही?”

तिनं माझ्याकडे बघितलं. मी डोळ्यांनी नको म्हणालो. पण ती पोर डोळ्यांकडे बघत नव्हती, नेहमीसारखी तोंडाकडे बघत होती, आणि तोंड माझं बंद होतं.

“भांडण ऐकनं,” ती म्हणाली. “आन् मंग करून दावनं.”

साहेब सरळ होऊन बसले. “असं? शेवटचं कुठलं ऐकलंस?”

“शनवारचं. हेडगुरुजींचं आन् आमच्या गुरुजींचं. मी खिडकीखाली व्हते.”

“दाखव बघू.”

“मुलांची खिचडीची वेळ—” मी मधे पडलो.

“गुरुजी,” साहेब म्हणाले, “बसा.”

मनीषा उठली आणि पहिल्यांदा खोकली. तो हुबेहूब देशमाने गुरुजींचा खोकला होता, दोन लहान आणि एक लांब. मग कमरेवर हात ठेवून तिनं सुरुवात केली. वर्गात तोंड न उघडणारी ती पोर, आणि आवाज बघावा तर पन्नाशीतल्या माणसाचा, बोलणंही गुरुजींचं, जसंच्या तसं.

“खरमाटे, तुम्हाला हजार म्हणायला कुणी सांगितलं होतं? दहा म्हणायचं. दहा जमवली असती.”

एक पाऊल डावीकडे सरकून तिनं हात मागे बांधले आणि मान थोडी तिरकी केली. मी बोलताना मान तिरकी करतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

“मग काय काहीच छंद नाही म्हणून सांगू? माझ्याकडं एक तिकीट नाही, गुरुजी. जन्मात कधी नव्हतं. मी चौथीत असताना आमच्या गुरुजींनी फळ्यावर लिहून दिलं, तेच डी.एड.च्या मुलाखतीत सांगितलं, तेच सोयरिकीच्या कागदावर लिहिलं.”

पुन्हा उजवीकडे. पुन्हा खोकला.

“आणि मी काय वेगळं केलं? सव्वीस वर्षं पोरांना तोच निबंध लिहून देतोय. मला तर तिकिटाचा डिंक जिभेला लागला तरी मळमळतं. तो शिक्का इकडं द्या. कड टेकवायची नुसती. पुरता उठला तर शाळेचं नाव वाचता येईल.”

डावीकडे. “ओळखलं तर?”

उजवीकडे. “कसला ओळखतोय. आणि काय हो तो ओतारी, त्याला घरी काही कामधंदा नाही का, म्हातारपणी तिकिटं चाटत बसतो ते?”

एवढं झाल्यावर मनीषानं हात खाली सोडले. “मंग शिपाईमामा आलं,” ती तिच्या नेहमीच्या बारीक आवाजात म्हणाली, “म्हून ऱ्हायलं.”

पोरं टाळ्या वाजवायला लागली. त्यांना वाटलं हा कार्यक्रम होता. मला मात्र वडिलांच्या गिरणीचा पट्टा फिरताना स्पष्ट ऐकू येत होता.

साहेबांनी मुलांना मैदानात सोडायला सांगितलं. आम्ही तिघंच उरलो. देशमाने गुरुजी काहीतरी बोलायला गेले, पण नुसताच खोकला बाहेर आला. साहेबांनी मनीषाची वही मागे उलटत नेली आणि लाल रेघेखालचा तिचा निबंध वाचून काढला. मग त्यांनी पिशवीतून एक जुनी शंभरपानी वही काढली आणि माझ्या हातात दिली. मुखपृष्ठावर शाळकरी अक्षरात ‘माझा संग्रह’ लिहिलेलं होतं. मी उघडली. पहिल्या पानावर चार तिकिटं होती. बाकीची पानं कोरी.

“त्यातलं एक रेव्हेन्यू आहे,” साहेब म्हणाले. “मला ते परवापर्यंत माहीत नव्हतं. बायकोनं सांगितलं.”

मी वही देशमाने गुरुजींकडे सरकवली.

“चौथीतच,” ते म्हणाले. “आमच्याही गुरुजींनी फळ्यावर लिहून दिला होता. तो पाठ झाला तो झालाच. नोकरीला लागलो तेव्हा लिहिलं, बढतीच्या अर्जात लिहिलं, स्मरणिकेत छापून आलं. निवृत्तीला दोन वर्षं राहिली माझ्या. परवा तुमच्या सव्वीस वह्या बघितल्या आणि वाटलं, निदान एका शाळेत तरी हे खरोखर कुणीतरी करतंय. म्हणून बघायला आलो होतो, गुरुजी. तुम्हाला पकडायला नव्हतो आलो.”

त्या वेळी मला जेवढी लाज वाटली तेवढी खोटं पकडलं गेल्याची वाटली नव्हती. माणूस हौसेनं आला होता आणि आम्ही त्याला काडेपेट्या दाखवल्या होत्या.

“बरं, आता खरं सांगा,” साहेब म्हणाले. “देशमाने, तुम्हाला काय करायला आवडतं?”

“वाचन,” देशमाने गुरुजी म्हणाले आणि खोकले.

“खरमाटे गुरुजी?”

मी तोंड उघडलं. काहीतरी असेलच अशी माझी खात्री होती. सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंतचा दिवस मी मनातल्या मनात चाचपून बघितलं. शाळा, डबा, हजेरी, खोलीवर येऊन भात, झोप. तेवीस वर्षांच्या माणसाला स्वतःबद्दल एक वाक्य सांगता येऊ नये, याचं मला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

“आणि साहेब, आपला?” देशमाने गुरुजींनी हळूच विचारलं.

साहेबांनीही तोंड उघडलं आणि मिटलं. बाहेर मैदानात पोरांचा घोळका जमला होता आणि मधोमध मनीषा उभी राहून भारदस्त आवाजात “वा” म्हणत होती, मग बराच वेळ थांबून “छान” म्हणत होती.

साहेब हसायला लागले. मग खिशातून हिरव्या शाईचं पेन काढून त्यांनी शेरेबुक पुढे ओढलं. त्या पानाची मी तेव्हाच नक्कल करून घेतली होती.

‘इयत्ता चौथीतील एका विद्यार्थिनीस छंद आहे. तो जोपासावा व निबंधावरील लाल रेघ मागे घ्यावी. उर्वरित पंचवीस विद्यार्थ्यांचे छंद शोधून त्यांची नोंद करावी. दोन्ही शिक्षकांस छंद आढळून आला नाही. एक महिन्याच्या आत पूर्तता करून अहवाल सादर करावा. शिक्षणसेवकाच्या कायम नेमणुकीचा विचार अहवालानंतर होईल.’

पंचवीस मुलांचं काम दोन तासांत झालं. मी फळा पुसला, खडू ठेवून दिला आणि नुसतं विचारलं. एकाला उतरंडीसारखे दगडावर दगड रचायला आवडायचं. एकाला एसटी कुठल्या डेपोची आहे ते नुसत्या आवाजावरून ओळखता यायचं. काडेपेटीचं जहाज लावणाऱ्याला खरोखरच काडेपेट्या जमवायचा नाद होता आणि घरी त्याच्या दीडशे होत्या. एवढे दिवस ही पोरं माझ्यासमोर बसून मला टपाल तिकिटं लिहून देत होती. मनीषाची लाल रेघ मी खोडरबरानं खोडायचा प्रयत्न केला, पण शाई जाईना. शेवटी शेजारी दहापैकी दहा लिहिले आणि सही केली.

अडलं ते आमच्यापाशी. देशमाने गुरुजींनी बुद्धिबळ आणलं. ते हरायला आले की खोकायचे आणि खोकताना माझा उंट हलवायचे. त्यात त्यांना इतकी गोडी लागली की पुढे निवृत्तीनंतरही सुटली नाही. मी बासरी आणली; शेजारच्या म्हाताऱ्यानं तिसऱ्या दिवशी घरी येऊन हात जोडले. मग मिरच्यांची रोपं लावली, ती अण्णांच्या शेळीनं खाल्ली. महिना संपला. नोकरीचा प्रश्न होता, आणि ‘वाचन’ लिहिलं असतं तर कुणी तपासायला येणार नव्हतं. पेन टेकवलंही होतं मी. पण का कोण जाणे, हात पुढे सरकेना. मी लिहिलं : ‘पंचवीस विद्यार्थ्यांचे छंद सोबत जोडले आहेत. मुख्याध्यापकांना बुद्धिबळाचा छंद जडला आहे. माझ्या छंदाबाबत कार्यवाही सुरू आहे.’

अण्णांच्या पडवीत जाऊन पाकिटाला तिकीट लावलं, तीन जातींतलं त्यातल्या त्यात देखणं बघून, आणि पाठवून दिलं. घरी वडिलांना गिरणीत जागा आहे का म्हणून विचारूनही ठेवलं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात जाड लखोटा आला. वर कायम नेमणुकीचा आदेश होता. तो मी उभ्या उभ्या तीनदा वाचला, शेवंताकाकूसारखा. त्याच्याखाली माझाच अहवाल परत आला होता, आणि माझ्या शेवटच्या वाक्यासमोर समासात हिरव्या शाईत लिहिलं होतं, ‘पाहिले. माझ्याही सुरू झाली आहे.’

म्हणजे काय, ते मला पटकन कळलं नाही. मग अहवालामागे टाचणीनं लावलेलं माझं पाकीट दिसलं. पत्ता होता, दिनकरअण्णांचा अर्धा शिक्का होता. वरच्या कोपऱ्यात तिकीट होतं तिथे मात्र चौकोनी भोक होतं, कात्रीनं अगदी जपून कापलेलं. साहेबांची आता पाच झाली होती.